झिपरीच्या नोंदी: दोन वर्षांची पॉम घरात रुळवताना

२ फेब्रुवारी, यायच्या आधी

झिपरी परवा येतेय. पॉमेरेनियन (पॉम) जातीची कुत्री, वय दोन वर्षं, वजन तीन किलोच्या आसपास, नसबंदी आणि लसी झालेल्या. आधीच्या घरी तिच्याकडे बघायला कुणी उरलं नाही म्हणून आपल्याकडे. पिल्लू नाहीये, त्यामुळे सवयी पक्क्या असणार, चांगल्याही आणि नकोशाही. भेटायला गेलो होतो तेव्हा जे दिसलं ते आधी लिहून ठेवते कारण पुढचं सगळं काम त्यावरच आहे: बेल वाजली की भुंकते, भुंकली की कुणीतरी तिला उचलतं, उचलायला वाकलं की ती अंग चोरते, ओठ वर करून गुरगुरते, आणि ती गुरगुरली की सगळे हसतात. तीन किलोच्या कुत्रीचं गुरगुरणं कुणी मनावरच घेत नाही. तीस किलोचा लॅब असा गुरगुरला असता तर त्याच संध्याकाळी ट्रेनरला फोन गेला असता.

तर या प्रकल्पाचा मुद्दा एवढाच आहे, ती लहान आहे म्हणून तिचं शिकणं राहून जाता कामा नये. उचलून जो प्रश्न दोन सेकंदात मिटतो तो शिकवून मिटवायचा, वेळ लागला तर लागू दे.

तयारी झाली. हॉलच्या कोपऱ्यात क्रेट, म्हणजे तिची पिंजऱ्यासारखी झोपायची जागा, दार कायम उघडं, वर चादर टाकून आत अंधार केलाय. सोफ्याला लागून रॅम्प ठेवला. हा लाड नाहीये, छोट्या जातींचं पुढच्या पायाचं हाड मनगटाच्या वर फार बारीक असतं आणि तिथे रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे सोफ्यावरून किंवा कडेवरून उडी मारून पाय मोडल्याच्या केसेस या जातींत बऱ्याच होतात आणि ते हाड जुळायलाही त्रास देतं. फरशी गुळगुळीत आहे, पाय सरकले की गुडघ्यांवर ताण येतो म्हणून काहीतरी अंथरायला हवं होतं, पण मऊ केसाळ गालिचा नको, कारण पॅडवर सू करायची सवय असलेल्या कुत्र्याला गालिचा म्हणजे मोठं पॅडच वाटतं. शेवटी जुन्या योगा मॅट कापून पट्ट्या टाकल्या, क्रेटपासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. घर काही सुंदर दिसत नाहीये पण चालेल.

फ्रिजवर कागद लावलाय, घरातल्या सगळ्यांसाठी. झोपलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही. क्रेटमधे हात घालायचा नाही. विचारल्याशिवाय उचलायचं नाही. सासूबाईंनी तिसरा नियम वाचून विचारलं, "अगं, कुत्रीला विचारायचं म्हणजे कसं?" म्हटलं आई, ते मी दाखवते, आधी येऊ तर दे तिला.

४ फेब्रुवारी

दुपारी आली. कॅरियरचं दार उघडलं आणि आम्ही सगळे लांब जाऊन बसलो, कुणी हाका मारल्या नाहीत. बराच वेळ आतच होती. मग मान लांब करून नाक बाहेर, मग एक पंजा मॅटवर, परत आत. असं करत करत बाहेर आली आणि भिंतीच्या कडेकडेने जाऊन सोफ्याखाली शिरली ती तिथेच बसली. पाण्याचं भांडं तिला तिथून दिसेल असं सरकवलं. तिच्या जुन्या घरची चादर न धुता आणली होती ती क्रेटमधे टाकलीय, वास ओळखीचा असला तर आत जाईल अशी आशा आहे.

रात्री जेवली नाही. नव्या घरात पहिल्या दिवशी बरीच कुत्री जेवत नाहीत, पण इतक्या छोट्या जातीत उपास लांबवून चालत नाही, रक्तातली साखर उतरू शकते, पिल्लांना धोका जास्त पण छोट्या शरीरात साठाच कमी असतो. सुस्ती, थरथर, चालताना झोक जाणं असं काही दिसलं तर थेट व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, आणि उद्या संध्याकाळपर्यंत नाहीच जेवली तरीही फोन करायचा असं ठरलंय. जेवण तेच ठेवलंय जे जुन्या घरी होतं. ब्रँड बदलायचा विचार आत्ता अजिबात नाही, पोट बिघडलं तर ताणामुळे की खाण्यामुळे ते कळणारच नाही.

५ फेब्रुवारी

पहाटे सगळे झोपलेले असताना जेवली. भांडं चाटून पुसून.

८ फेब्रुवारी, शी-सूचं

जुन्या घरी पॅडवर जायची आणि पॅड चुकलं तर कुणाला फारसं काही वाटायचं नाही कारण डाग केवढा, तर चहाच्या बशीएवढा. मोठ्या कुत्र्याने घरात केलं तर अख्खं घर हलतं, छोट्याचं कुणीतरी पुसून टाकतं आणि विसरतं, म्हणूनच कितीतरी छोटी कुत्री आयुष्यभर अर्धवट शिकलेली राहतात. आम्ही तिला नव्याने शिकवतोय, अगदी पिल्लू असल्यासारखं. झोपून उठली की बाहेर, जेवली की बाहेर, खेळ झाला की बाहेर, आणि मधे काहीच घडलं नाही तरी ठरलेल्या अंतराने बाहेर. कायम त्याच जागी न्यायचं, लीशवर (फिरवायच्या दोरीवर), गप्प उभं राहायचं, मोबाईल बघायचा नाही. झालं की तिथल्या तिथे ट्रीट. घरात येऊन ट्रीट दिली तर तिच्या दृष्टीने ती घरात आल्याची ट्रीट, सू केल्याची नाही, हे नवऱ्याला समजावून सांगावं लागलं आणि एकदा पटल्यावर तोच आता सगळ्यांना सांगत असतो.

चारचौघांसारखी तीही सू करायच्या आधी सांगते, फक्त फार हळू सांगते. मॅटवरून उतरते, नाक जमिनीला लावून एका जागी छोटी गिरकी घेते, शेपटी जी एरवी पाठीवर वळलेली असते ती जरा सैल पडते. हे दिसलं की "चल बाहेर" म्हणून आपण दाराकडे निघायचं, ती मागे येते. उचलून पळायचं नाही. उचलून नेलं तर दाराकडे चालत जाऊन सांगायचं असतं हे तिला कधी कळणार?

घरात झालंच तर ओरडणं नाही, नाक घासणं तर नाहीच नाही, त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते पलंगामागे जाऊन करतं आणि बाहेर लीशवर असतानाही आपल्यासमोर करायला कचरतं. पुसायला एन्झाइमवाला क्लीनर वापरतोय. अमोनिया असलेलं फ्लोअर क्लीनर घरातून काढून टाकलं, त्याचा वास लघवीशी जुळतो आणि कुत्रं परत त्याच जागी जातं.

११ फेब्रुवारी, व्हेट

ट्रेनिंग सुरू करायच्या आधी ही भेट मला हवीच होती, कारण उचलल्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याला आधी कुठे दुखतंय का हे बघायचं, मग वागणुकीबद्दल बोलायचं. निघालंही तसंच. डाव्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, छोट्या जातींत हे खूप असतं, चार ग्रेड असतात त्यातली हिची पहिली, म्हणजे डॉक्टरांनी हाताने ढकलली तर सरकते आणि सोडली की परत जागेवर. ऑपरेशनची गरज नाही, वजन आटोक्यात ठेवायचं, उड्या कमी, घसरू द्यायचं नाही. पण पोटाखाली हात घालून एकदम वर ओढलं आणि मागचे पाय लोंबकळत राहिले तर तिला ते नक्कीच बरं वाटत नसणार, आणि आत्तापर्यंत सगळे तिला तसंच उचलत आलेत.

दुसरं म्हणजे तोंड. वरचा उजवा दुधाचा सुळा पडलाच नाहीये, पक्का सुळा त्याच्या शेजारीच उगवलाय आणि दोघांच्या फटीत घाण साठून हिरडी लाल झालीय. हेही छोट्या जातींचंच दुखणं, जबडा एवढासा आणि दात मात्र सगळे बेचाळीसच बसवायचे. भूल देऊन स्केलिंग (दातांची सफाई) करताना तो सुळा काढणार, तारीख एप्रिलमधली ठरली, तोवर ती घरात रुळलेली असेल.

तिसरं, गळ्यात पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी, लीश छातीभोवतीच्या हार्नेसलाच. पॉम, यॉर्की, चिवावा यांच्या श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी व्हायचा धोका असतो, पट्टा ओढला गेला की कोरडा घोगरा खोकला येतो. हिला आत्ता तसं काही नाही.

वजन तीन किलो. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल असलेल्या एवढ्या कुत्रीला दिवसाला जेमतेम अडीचशे कॅलरी लागतात आणि ट्रीटचा वाटा त्यातला दहा टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे पंचवीस कॅलरी! दुकानातल्या एका बिस्किटात तेवढ्या सहज संपतात. त्यामुळे आजपासून तिचं रोजचं किबल (कोरड्या खाण्याचे दाणे) सकाळीच मोजून एका डबीत काढायचं, ट्रेनिंगमधे तेच वापरायचं, उरेल ते भांड्यात. फार अवघड कामासाठी उकडलेलं चिकन, मटारच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे. तिला आकाराचं काही नाही, तुकडे किती वेळा मिळतात याचं आहे.

१३ फेब्रुवारी, नाव आणि "यस"

जुन्या घरी तिला दिवसभर नुसती हाक मारली जायची, प्रेमाने, रागाने, उगाच, त्यामुळे स्वतःचं नाव ऐकून ती कानसुद्धा हलवत नाही. सोपा उपाय आहे, नाव एकदाच म्हणायचं, बघितलं की "यस" आणि दाणा. नाही बघितलं तर परत म्हणायचं नाही, जवळ जाऊन सोपं करायचं.

"यस" हा आमचा मार्कर. ती जे बरोबर करते त्याच क्षणी म्हणायचा, मग सावकाश दाणा द्यायचा, कारण दाणा खिशातून काढून तिच्या तोंडापर्यंत न्यायला वेळ जातो आणि तेवढ्यात ती दुसरंच काहीतरी करत असते. ही कल्पना जुनी आहे, १९४०च्या दशकात मेरियन आणि केलर ब्रेलँड हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी प्राण्यांना शिकवताना खाण्याच्या आधी ठराविक आवाज वापरायला लागले, आजचं क्लिकर ट्रेनिंग तिथूनच आलं. क्लिकर आम्ही आणला होता पण त्याच्या कट्ट आवाजाने ती दचकली, म्हणून शब्द.

एक गोष्ट छोट्या कुत्र्यांबरोबरच कळते. मी उभी राहून शिकवायला गेले की तिला माझा चेहरा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते आणि माझं अंग तिच्यावर आल्यासारखं होतं, ती दबकते. जमिनीवर मांडी घालून, तिच्याकडे जरा तिरकं बसलं की तीच कुत्री खुलते. आता सगळी सेशन्स जमिनीवर, एका वेळी दोन-तीन मिनिटं, तिचं लक्ष आहे तोवरच. "बस" याच पद्धतीने आलं, दाणा नाकावरून मागे नेला, मान वर गेली, बूड खाली टेकलं, यस.

१९ फेब्रुवारी, उचलणं

मुख्य काम. याच्यासाठी वेगळी वही केली असती तरी भरली असती.

आधी गुरगुरण्याबद्दल, कारण घरात यावर चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं की गुरगुरली तर तिला रागवायला हवं, नाहीतर डोक्यावर बसेल. मी म्हटलं, अहो आई, गुरगुरणं म्हणजे ती आपल्याला चावायच्या आधी सांगतेय, ते सांगणं रागावून बंद केलं तर राग जागेवरच राहतो, फक्त सांगणं जातं, मग एक दिवस न सांगता चावते. व्हिएन्नातल्या संशोधकांचा २०१०चा एक अभ्यास आहे, हजाराहून जास्त कुत्रामालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, त्यात छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी वागताना कमी सातत्य ठेवतात, त्यांना कमी शिकवतात असं दिसलं, आणि वारंवार शिक्षा होते तिथे कुत्री जास्त चिडकी निघाली, शिवाय छोट्यांमधे शिक्षेबरोबर भित्रेपणाही वाढलेला दिसला. अर्थात प्रश्नावलीवरून कशामुळे काय झालं हे सिद्ध होत नाही, पण आमच्यासमोर जी कुत्री बसलीय ती या वर्णनात चपखल बसते.

तर पद्धत अशी. तिच्या बाजूला गुडघ्यावर बसायचं, समोर नाही. एक हात तळवा वर करून तिच्या छातीच्या उंचीला, तिच्यापासून वीतभर लांब धरायचा आणि विचारायचं "वर?" आणि मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं माणसांना. ती काय करते ते बघायचं. तोंड फिरवलं, ओठ चाटले, कान मागे टाकले, वजन मागच्या पायांवर घेतलं, पंजा हवेत धरला, यातलं काहीही म्हणजे नाही. नाही म्हटली की "बरं" म्हणून हात काढून घ्यायचा, तिच्या मागे जायचं नाही. एक पाऊल पुढे आली, हातावर छाती टेकवली किंवा मांडीवर पुढचे पाय ठेवले की हो.

सुरुवातीला उचलतच नव्हतो. हात दाखवला, यस, दाणा. हात छातीला लागला, यस, दाणा. दुसरा हात मागून बुडाखाली, यस, दाणा. वजन हातांवर आलं पण पाय अजून जमिनीवरच, यस, दाणा. यातली एकेक पायरी ती सैल पडेपर्यंत तिथेच थांबून केली, आणि सैल पडली हे तोंडावरून कळतं, बंद जबडा उघडतो, जीभ जराशी दिसते. आज पहिल्यांदा पूर्ण उचललं, एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली, पाठ आडवी, माझ्या अंगाला टेकवून, एक श्वासभर, आणि परत खाली, चारही पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही. गुरगुर नाही. खाली ठेवल्यावर पळूनही गेली नाही, तिथेच उभं राहून माझ्या हाताकडे बघत होती.

लेकीने हे सगळ्यात लवकर उचललं. आता ती विचारते, झिपरी नाही म्हणते, लेक "बरं" म्हणून पुस्तक घेऊन बाजूला बसते आणि थोड्या वेळाने झिपरी स्वतःहून तिच्या मांडीवर चढते. एवढ्याशा जिवाला दिवसभर कुणीही, केव्हाही, कुठूनही हवेत उचलू शकतं, त्यात तिला एक नाही म्हणायचा हक्क मिळाला तर तिचं अंगच बदलतं हे मी रोज बघतेय आणि मला याचं फार वाटतं.

१ मार्च, बेल

पॉम म्हणजे मुळात स्पिट्झ, थंड प्रदेशातल्या मोठ्या राखणदार कुत्र्यांचं लहान केलेलं रूप, अंग कमी केलं तरी राखण करायचा स्वभाव तेवढाच राहिला. त्यामुळे भुंकणं शून्य करायचं असं ध्येयच ठेवलं नाही. दोन-चारदा भुंकून सांग, मग क्रेटपाशी मॅटवर ये, एवढंच हवंय.

बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात लावला. आवाज, दाणा, आवाज, दाणा. कान टवकारले पण भुंकली नाही तर आवाजाची पायरी बरोबर आहे, भुंकली तर जास्त झाला, खाली आणायचा. शेजारी वेगळं, बेलशिवाय, मॅटवर जाऊन बसणं शिकवलं, "जागेवर" म्हटलं की मॅट, मॅटवर पाय लागले की यस, दाणा मॅटवरच टाकायचा. दोन्ही आपापली पक्की झाल्यावर जोडली. आता रेकॉर्डिंगची बेल वाजली की भुंकते, माझ्याकडे बघते आणि मॅटकडे धावते. खऱ्या बेलला अजून नाही, कारण खऱ्या बेलमागे पावलं येतात, वास येतो, माणूस येतो. खिडकीच्या काचेला खालून फूटभर दुधी फिल्म लावली, दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येक पायावर ड्युटी करत बसायची ते थांबलं आणि दुपारची झोप वाढली. झोप झालेली कुत्री संध्याकाळी किती पटकन शिकते!

८ मार्च, बाहेर

तिला चालायचंय हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं इतकं, जुन्या घरी ती बाहेर नेहमी कडेवरच असायची. लीश सैल ठेवून तिच्या नाकाच्या मागे मागे जायचं, ती एका खांबापाशी जितकं थांबेल तितकं थांबायचं. दुसरं कुत्रं दिसलं की लोक छोट्या कुत्र्याला झटकन वर घेतात, लीश आखडते, आपला श्वास अडकतो, आणि वर गेलेल्या कुत्र्याचा वास घ्यायला खालचं कुत्रं उड्या मारतं. म्हणजे प्रत्येक वेळी तिला हेच कळतं की दुसरं कुत्रं म्हणजे संकट. आम्ही अंतर वाढवतो, रस्ता ओलांडतो, पार्क केलेल्या गाडीच्या आड जातो, ती बघते, आम्ही यस म्हणतो, दाणा देतो, ती परत बघते. बघून वळता येणं हेच शिकवायचंय.

पण सुटं मोठं कुत्रं थेट धावत आलं तर उचलायचं, तिथे तत्त्व वगैरे नाही. तीन किलोला खेळातला धक्कासुद्धा जड जातो. तेव्हाही "वर" म्हणूनच, शब्द ओळखीचा असला तर ती अंग ताठ करत नाही आणि हातातून निसटत नाही.

१६ मार्च, केस आणि दात

ब्रश रोज थोडा, वरवर नाही, केसांचा एक थर उलटा धरून मुळापासून, कारण कानामागे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आतल्या लोकरीचे गठ्ठे होतात आणि ओढले की दुखतं. कुणीतरी सुचवलं उन्हाळ्यासाठी मशीन मारून टाका. नाही. या दुहेरी केसांच्या जातींत जवळून कापलेले केस कधी कधी परत नीट येतच नाहीत, चट्टे राहतात.

दात घासणं बोटाला गॉज गुंडाळून सुरू केलंय, बाहेरच्या बाजूने फक्त, लाल हिरडीचा भाग सोडून. पेस्ट कुत्र्यांचीच, माणसांच्या काही पेस्टमधे झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्याला विषच आहे, इतक्या छोट्या कुत्रीला किती थोडं पुरेल याचा विचार केला की अंगावर काटा येतो. त्याच कारणाने चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा आणि सगळ्यांच्या गोळ्या-औषधं वरच्या कप्प्यात, आणि सासूबाईंची पर्स खुर्चीवर नाही, खुंटीला.

२३ मार्च, एकटं राहणं

सावकाश चाललंय. बाहेर जायचे बूट घालून परत बसायचं, किल्ल्या वाजवून काहीच करायचं नाही, दाराबाहेर जाऊन लगेच आत यायचं, मग जरा उशिरा. मोबाईल कपाटावर ठेवून रेकॉर्ड करतोय. दाराकडे बघत उभी राहते, एकदा कुईं करते, मग क्रेटमधे जाऊन चाटायची मॅट चाटत बसते. दार खरवडणं, लाळ गाळणं, थांबेचना असं रडणं यातलं काही नाही, तसं असतं तर हे घरच्या घरी न करता व्हेटला विचारलं असतं.

३० मार्च, पाहुणे

नात्यातली मंडळी आली होती. सगळ्यांना दारातच सांगितलं, तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, बसा, ती येईल. बहुतेकांनी ऐकलं. एका काकांनी "अरे मला कुत्री आवडतात" म्हणत सरळ वाकून तिला काखेतून धरून वर घेतलं, ती गुरगुरली, ते हसले आणि अजून जवळ धरलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, तिला विचारलंत का? खाली ठेवा आधी." काकांनी ठेवली. झिपरी मॅटवर गेली, न सांगता, आणि तिथून बघत राहिली. चावली नाही.

त्यानंतर सासूबाईंनी स्वतः काकांना जमिनीवर बसवून तळवा वर करून कसं विचारायचं ते दाखवलं. झिपरीने तोंड फिरवलं. "नाही म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या." घरातल्या घरात पद्धत पाळणं वेगळं आणि पाहुण्यासमोर कुत्रीची बाजू घेणं वेगळं, मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

त्या रात्री योगा मॅटच्या कडेला सू झाली, बऱ्याच दिवसांनी. गडबडीचा दिवस, संध्याकाळची फेरी उशिरा झाली, कारण स्पष्ट आहे. पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिल्लाचं वेळापत्रक, त्यानंतर घरात नाही.

१२ एप्रिल

सध्याची स्थिती. शी-सू बाहेर, दारापाशी जाऊन उभी राहते, आवाज करत नाही, त्यामुळे दाराच्या हँडलला खाली दोरीने छोटी घंटी बांधलीय आणि नाकाने ती हलवायला शिकवतोय. घरातल्या चौघांनाही "वर?" ला बहुतेक वेळा हो म्हणते, जेवणानंतर आणि झोपेतून उठल्या उठल्या नाही म्हणते, तेव्हा कुणी विचारतही नाही. खरी बेल अजून अर्धवट आहे, लेकीची मैत्रीण रोज शाळेतून येताना बेल वाजवून मिनिटभर बाहेर थांबते, तोवर आम्ही मॅटवर दाणे टाकतो, आजपासून हे सुरू केलं. मोठी कुत्री रस्त्यापलीकडे असली तर बघून वळते, त्याहून जवळ नको. वजन तेवढंच आहे, डबीतलं मोजमाप चालू ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात सुळा काढायचाय. त्याआधी क्लिनिकमधे नुसतं जाऊन यायचं, वजनकाट्यावर चढायचं, दाणे खायचे, घरी. डॉक्टरांना आणि तिथल्या असिस्टंटना "वर?" समजावून सांगायचंय, ते तिला टेबलावर घेतील तेव्हा त्यांनीही तळवा दाखवून क्षणभर थांबावं, भुलीच्या दिवशी घाई असेल तर मी स्वतः उचलून टेबलावर ठेवेन असं फोनवर विचारून ठेवलंय आणि ते हो म्हणालेत. टाके दुखत असतील तोपर्यंत दात घासणं बंद, किबल भिजवून, खेळातली दोरीची ओढाताण बंद, आणि भूल उतरेपर्यंत सोफ्याचा रॅम्प काढून ठेवायचा, म्हणजे ती वर चढायला जाणार नाही.